मेपलचा माड

चौल, जिल्हा कुलाबा
२६ नोव्हेंबर १९६१

प्रिय,

पुढे नाव नाही म्हणून पोस्टात काही गळलं असं समजू नका. तुमचं नाव घेण्याची सवय मला या वयात लागायची नाही. पण इतकी वर्षं 'कृतानेक साष्टांग नमस्कार' लिहून लिहून माझी कंबर मोडली, म्हणून आज सरळ 'प्रिय' लिहिलं. आधी मामंजी माझं पत्र वाचून मग पाकीट चिकटवायचे. त्यांच्यानंतर सासूबाई मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावायच्या, आणि मध्येच 'हे काढ, त्याला काळजी लागेल' म्हणायच्या. आता दोघंही नाहीत. पाकीट मीच चिकटवते आणि आत काय लिहिलंस हे विचारणारं घरात कुणी नाही. या मोकळीकीचं काय करायचं, ते अजून मला उमगलेलं नाही.

तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. तुमच्या मेपलच्या झाडाची हकिगत वाचून मी इतकी हसले की सुपारी सोलायला आलेल्या बायका हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. फाल्गुनात तुम्ही त्याच्या खालच्या फांद्या उतरवल्यात, पावसाळ्यात आणखी वरच्या उतरवल्यात, शेंड्याला तेवढा झुपका ठेवलात, आणि आता 'झाड कसंतरीच दिसतं, काय करावं?' म्हणून मला विचारता! अहो, कसंतरी कशाला दिसेल? ते माडासारखं दिसत असणार. लहानपणी वाडीत जे पाहिलंत तेच तिकडे थंडीत जाऊन केलंत. खालच्या झावळ्या काढायच्या, वरच्या कोंबाला मात्र हात लावायचा नाही, कारण माडाचा कोंब गेला की माड गेला. मामंजींनी तुम्हाला याच गोष्टीवरून एकदा छडीने फोडून काढलं होतं, ते सासूबाई मला नेहमी सांगायच्या. तो धाक तुमच्या हातात अजून आहे. मेपलला फुटायला शेकडो डोळे असतात हो, माडासारखा एकच कोंब नसतो. मी हे गुणाजीला सांगितलं. तो माडावरून नुकताच उतरला होता, कमरेची कोयती सोडत म्हणाला, "मंजी तितं बी रावसायबांनी माडच केला म्हनायचा." मग आम्ही दोघंही हसलो. नंतर तो घरी गेला आणि मला ते पत्र पुन्हा काढून वाचावंसं वाटलं.

तर आधी तुमच्या झाडाचं बघू. मला मेपलमधलं काय कळतं असं तुम्हाला वाटत नसणार, कारण तुम्ही मलाच विचारलंत. म्हणजे तुम्हाला सतवंतबीजी आठवल्या असणार. मी तुमच्याकडे सिमल्याला आले तो एकच हिवाळा. फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. शेजारच्या क्वार्टरमध्ये त्या लाहोरहून येऊन राहिल्या होत्या. तिकडची मोठी बाग मागे टाकून आल्या होत्या आणि इकडे कुंपणापाशी एक मेपलचं झाड मिळालं, त्याच्यावरच सगळी माया करत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला पंजाबी येत नव्हतं, आणि आमचं दोघींचं हिंदी ऐकून तुम्ही तोंडाला रुमाल लावून घरात पळायचात. तुम्ही कचेरीत गेलात की मी त्यांच्या कुंपणाशी जायची. झाडाची पानं सगळी गळली तरी त्या कात्री काढेनात. मी खुणेने विचारलं, का थांबलात? त्यांनी डोळे मिटून, गालाखाली हात घेऊन झोपेची खूण केली. झाड अजून नीट झोपलं नाही म्हणाल्या. पानं गळल्यावरही काही दिवस त्याला गाढ झोपू द्यायचं, आणि नवे डोळे फुगायच्या आत काम उरकायचं. आपल्या हिशेबात म्हणजे पौष-माघ. मला ते लगेच पटलं, कारण आपण मोगऱ्याचं पाणी तोडून त्याला कोयता लावतो तोही त्याच सुमाराला. फाल्गुनात तिकडे मेपलच्या अंगात रस चढतो. तेव्हा कापलं की तो गळतच राहतो. तुम्ही तेव्हा लिहिलं होतंत की झाड दिवसेंदिवस रडतंय आणि तुम्ही जखमेला फडकं बांधलंय. त्याने झाड मरत नाही, घाबरू नका. पण फडकं सोडा आता, आत बुरशी धरेल.

कुठे कापायचं तेही सांगते. फांदी खोडातून निघते तिथे सालीवर सुरकुत्यांची एक बांगडी असते. बोट फिरवलं की हाताला लागते. कापायचं ते त्या बांगडीच्या लगेच बाहेर. बांगडी कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून आत कुजतो. बीजींनी माझं मनगट धरून करवत लावायला शिकवलं होतं, जड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्यायची, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. बारीक डहाळी कापायची तर जिथे डोळ्यांची जोडी आहे तिच्या जरा वर. मेपलचे डोळे समोरासमोर जोडीने असतात, तेव्हा कुठली दिशा ठेवायची ते आधी ठरवा. वाळलेली काढा, एकमेकींवर घासणाऱ्या दोघींतली एक काढा, आत खोडाकडे वळलेली काढा. शेंडा छाटू नका. आणि एक कापलं की चार पावलं मागे या. बीजी दर वेळी मागे यायच्या, पदर खोचून झाडाकडे बघत राहायच्या, मग "बस" म्हणायच्या. मला वाटायचं आता कुठे सुरुवात झाली, आणि त्यांचं बस व्हायचं. एका हिवाळ्यात चौथा हिस्सादेखील काढायचा नाही असा त्यांचा नेम होता.

तुम्ही तर सगळ्याच फांद्या काढून बसलात, तेव्हा तुम्हाला यंदा कात्री बंद. खोडावर जागोजाग कोवळे कोंब फुटतात आणि ते गबाळे दिसतात म्हणून तुम्ही खुडता, असं लिहिलंय. कृपा करून ते खुडू नका! झाड आपली चूक आपण दुरुस्त करतंय, त्याला करू द्या. या हिवाळ्यात फक्त वाळकं काढा. पुढच्या हिवाळ्यात त्या कोंबांतले चांगल्या जागेचे, बाहेर तोंड केलेले थोडे ठेवा आणि बाकीचे काढा. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ठेवलेल्यांचे शेंडे जरासे मागे घ्या म्हणजे त्यांना पोटफांद्या येतील. मग कुठे ते मेपलसारखं दिसायला लागेल. 'तिसऱ्या वर्षी कसं दिसेल?' असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हे.

आता जरा इकडचं. वाडी ठीक आहे. पोफळी यंदा बऱ्या लागल्या. रहाटाचा एक खांब हलत होता तो बदलून घेतला. भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा महिन्यावर आलीय, मिठाईवाल्यांची पालं पडायला लागतील. दिवसा मला काही कमी नसतं. बायका येतात, सोललेल्या सुपारीचा ढीग चढतो, गप्पा चढतात. मनुबाईचं तोंड तर चालूच असतं. परवा म्हणाली, "बाय, चैताला धनी कायमचं येनार, मंग तू आमच्यासंगं बोलशील का न्हाय?" मी म्हटलं, बोलेन गं बाई, त्यांना माझं बोलणं ऐकायची सवय कुठे आहे! सगळ्या हसल्या. ऊन उतरलं की त्या आपापल्या पोरांबाळांकडे जातात. मग मी वाडीत एक फेरी मारते, गोठ्याचं दार लावते आणि चुलीपुढे बसते. एका माणसाला नारळ मोठा होतो, हे तुम्हाला माहीत आहे का? अर्धा वापरावा तर उरलेला दुसऱ्या दिवशी वास मारतो. सासूबाई होत्या तोवर असं कधी झालं नाही. त्यांना शेवटी घास भरवावा लागायचा, कूस बदलावी लागायची, त्या मला नावं ठेवायच्या, मी मनात त्यांना ठेवायची. पण घरात दुसरा श्वास होता. आता मी स्वयंपाक करताना मोठ्याने बोलते. आधी गाईशी बोलत होते, मग भांड्यांशी. पोटी मूल असतं तर, असा विचार मी फार वर्षांपूर्वीच सोडून दिला होता, तो या पावसाळ्यात पुन्हा आला.

तुमच्याकडे आले होते तेव्हाही मी तीनच महिने राहिले. कायमची राहणार होते. मी तुळस आणली होती, कुंडीतून नाही, मुळाशी माती बांधून, बोटीतून आणि मग त्या लांबच्या गाडीतून. कुठे लावू म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, जमिनीत लावू नकोस, सरकारी जागा आहे, उद्या बदली झाली की सोडून जायचं, जीव कशाला लावायचा. मी ती तेलाच्या डब्यात लावली आणि थंडीने ती गेली. त्याच आठवड्यात सासूबाई मागच्या पडवीत पाय घसरून पडल्याची तार आली. एका महिन्यासाठी म्हणून मी परत आले. त्यांचं कमरेचं हाड पुन्हा धड झालं नाही, आणि मी इकडची झाले. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोल लावला नाही आणि आताही लावत नाही. कुणीतरी राहायलाच हवं होतं, आणि तुमच्या पगारावर घर चाललं होतं.

पण तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी हसले नाही. जो माणूस मला सरकारी जमिनीत तुळस लावू देत नव्हता, तो येत्या एप्रिलात निवृत्त होणार, नियमाप्रमाणे क्वार्टर रिकामी करणार, आणि मला विचारतोय की झाड तिसऱ्या वर्षी कसं दिसेल. ते पाहायला तिथे कोण असणार आहे? मग मी तुमची आधीची पत्रं आठवत बसले. फाल्गुनात लिहिलं होतंत, पायऱ्यांच्या बाजूचं झाड. आताच्या पत्रात आहे, उताराच्या बांधाशी. पत्रावर पत्ता अजून त्याच क्वार्टरचा, पण त्या क्वार्टरला पायऱ्या नव्हत्या हो. मी तीन महिने ते अंगण झाडलंय, ते तव्यासारखं सपाट होतं आणि मेपल कुंपणापलीकडे बीजींच्या बाजूला होतं. हे झाड दुसरं आहे. हे घर दुसरं आहे. ते तुमचं स्वतःचं असल्याशिवाय तुम्ही त्यात जीव लावणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

आणि फाल्गुनात जर तुम्ही ते झाड कापलंत, तर घर त्याच्याही आधी घेतलेलं. सासूबाई त्यानंतर, चैत्रात गेल्या. तुम्ही आलात, सगळं केलंत, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर उभं राहून गुणाजीसमोर, मनुबाईसमोर, आणि माझ्यासमोर म्हणालात, आता एका वर्षाची गोष्ट, एप्रिलात येतोच. मी त्या शब्दावर हे आठ महिने काढले. पश्चिमेच्या खोलीला समुद्राकडे नवीन खिडकी पाडून घेतली, कारण तुम्ही एकदा लिहिलं होतंत की वाचायला बसलं की वाऱ्याची आठवण येते. गुणाजीने स्वतः उभं राहून चिरे बसवून घेतले. गावाला सांगितलं. देवळात, विहिरीवर, जो भेटेल त्याला. तुमचं उत्तर तुमच्या मनात तेव्हाच तयार होतं. मला तुमचा राग आलेला नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. राग आलाय. फार आलाय. कालपासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

तरी मी तुमच्या बाजूनेही विचार करून पाहिला. आईच्या तेराव्याला माणूस काय सांगणार, की मी परत येणार नाही? ते तोंडातून निघालं नसेल. आणि इकडे तुम्ही येता तेव्हा कसे असता, तेही मी पाहिलंय. सकाळी उठून ओटीवर पाहुण्यासारखे बसता, चहा मिळेल का म्हणून हळूच विचारता. घामाने अंगावर पुरळ येतं. गावातले तुमच्या वयाचे लोक भाताच्या आणि भाऊबंदकीच्या गोष्टी करतात, तुम्ही मान डोलावता आणि तुमचं लक्ष नसतं. उमेदीचं सगळं आयुष्य तिकडे गेलं. तिकडच्या थंडीत, तिकडच्या रस्त्यांवर तुम्हाला आपलं वाटत असेल तर तो काही गुन्हा नाही. त्या घरात तुम्ही एकटे आहात की आणखी कुणी आहे, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. तो मी लपवत नाही. पण मला खरं दुखलं ते वेगळंच. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून मला इथे बांधून ठेवणारं काही उरलं नाही. वाडी गुणाजी सांभाळेल, तो आताही सांभाळतोच. हे तुम्हाला माहीत आहे. तरी या आठ महिन्यांत, इतक्या पत्रांत, झाडाबद्दल, थंडीबद्दल, गुडघ्याबद्दल सगळं आलं, पण 'तू इकडे ये' हे एकदाही आलं नाही. तुम्हाला सुचलं नाही, की सुचून तुम्ही लिहिलं नाही?

झाडाच्या छाटणीसाठी मला एवढं लांब पत्र लिहायची गरज नव्हती, ते तुम्ही ओळखलंच असेल. मी ते लिहायला घेतलं कारण जत्रेला सगळा गाव विचारेल की मालक कधी येणार, आणि मला या वेळी खोटं बोलायचं नाही. मी तुम्हाला परत बोलवत नाही. इथे येऊन पाहुण्यासारखे ओटीवर बसलात तर ते मलाही बघवणार नाही. न बोलावता बोचकं घेऊन तुमच्या त्या पायऱ्या चढून येणंही मला जमणार नाही, तेवढा ताठा माझ्यात आहे आणि तो तुमच्याच आईने वाढवलाय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं, तुम्हालाही विचारलं नसेल. नंतर सगळं ज्याच्या त्याच्या सोयीने ठरत गेलं, आणि आपण एकमेकांना विचारायचं राहूनच गेलं. म्हणून आज मी विचारते. ज्या घरात उरलेली वर्षं काढायची तुम्ही ठरवलंय, तिथे रोज सकाळी उठल्यावर मी समोर असावी, असं तुम्हाला वाटतं का? कर्तव्य म्हणून नको, लोक काय म्हणतील म्हणून नको. हो असेल तर तार करा, मी दुसऱ्या दिवशी निघेन. नाही असेल तर तेही स्वच्छ लिहा, मी ते वाचू शकेन, आता मोठ्याने वाचून कुणाला दाखवायचं नाही. फक्त या वेळी उत्तर द्यायला विसरू नका. मला तुम्ही हवे आहात. मी तुम्हाला हवी आहे का?

उत्तर काहीही आलं तरी,
तुमचीच,
सरोजिनी